बर्फाच्या रांगेतली निळी बादली

बर्फाच्या कारखान्याच्या मॅनेजरला लोक एक प्रश्न हमखास विचारतात: तिथे थंडी वाजत नाही का? वाजत नाही. थंडी टाकीत असते आणि मॅनेजर पत्र्याच्या खोलीत. उत्तनच्या रस्त्याला असलेल्या आमच्या कारखान्यात भिंतीपलीकडे शेकडो लाद्या गोठत असायच्या आणि अलीकडे, मे महिन्यात, माझ्या टेबलावरचा डिंक बाटलीत पातळ व्हायचा.

मी तिथे चौदा वर्षं होतो. त्याआधी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. दैनिक बंद पडलं. कारखान्याचे मालक भाईंदर पश्चिमेला आमच्याच इमारतीत राहायचे. त्यांना सगळे शेठ म्हणत. एकदा लिफ्ट बिघडली होती आणि आम्ही दोघं बरोबर जिने चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर शेठ दम खायला थांबले.

"नाईकभाई, तुम्ही पेपरमध्ये एक्झॅक्टली काय करायचे?"

"दुसऱ्यांच्या चुका शोधायचो."

"आणि स्वतःच्या?"

"त्यासाठी वेगळा माणूस होता."

चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मला नोकरी मिळाली होती. त्यांनी हे उत्तर माझी पात्रता म्हणून घेतलं की इशारा म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

बर्फ कसा होतो, हे थोडक्यात सांगतो. एक मोठी टाकी असते, तिच्यात खारट पाणी. ते अमोनियाच्या यंत्राने शून्याच्या खाली नेतात. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे बुडवून ठेवायचे. दीड-दोन दिवसांत डब्यातलं पाणी दगड होतं. मग डबे क्रेनने उचलायचे, साध्या पाण्यात बुचकळायचे आणि उलटे करायचे. लादी घसरून बाहेर येते. ती हाताने उचलत नाहीत, लोखंडी आकड्याने ओढतात. पुढे क्रशरमध्ये तिचा चुरा होतो आणि टेम्पोतून बंदरावर जातो. बोटीच्या पोटात तो चुरा भरल्याशिवाय बोट समुद्रावर जात नाही, कारण मासळी कितीही पकडली तरी बर्फाशिवाय ती बंदरात परत येईपर्यंत खत झालेली असते.

या सगळ्यात मॅनेजरचं काम कुठेच नाही, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले. यंत्र यादव बघायचा. तो उत्तर प्रदेशातला, आमच्या कारखान्यात बावीस वर्षं ऑपरेटर. यंत्राचा आवाज किंचित बदलला तर हातातला चहा अर्धवट ठेवून उठायचा. मॅनेजरकडे उरायचं ते एवढंच: बर्फ कोणाला आधी आणि कोणाला नंतर. बाहेरून हे किरकोळ वाटतं. उत्तनमध्ये, मासेमारीवरची पावसाळ्यातली बंदी उठून बोटी निघायच्या आठवड्यात, ते तसं वाटत नाही.

बोटींखेरीज इतर गिऱ्हाईकंही असत. केटरर, सरबतवाले, मासळीबाजार आणि मयताचे लोक. नातेवाईक परगावाहून येईपर्यंत मृतदेह बर्फावर ठेवतात. कारखान्याचा अलिखित नियम असा की मयताच्या बर्फाला रांग नाही आणि प्रश्नही नाहीत. मी लागल्यावर चार महिन्यांत मिरा रोडच्या एका टॉवरमधून एक गृहस्थ आले. वडील गेले, भाऊ दुबईहून उद्या पोहोचणार. दोन लाद्या लगेच पाठवल्या. संध्याकाळी हाफ पँट घातलेले एक वृद्ध स्कूटरवरून आले.

"सकाळी दोन लाद्या आल्या होत्या ना आमच्याकडे? आणखी एक द्या. पाहुणे वाढलेत."

फ्लॅट तोच, आडनाव तेच. मी वही उघडली आणि विचारलं, "मयताचे तुम्ही कोण?"

"कोणाच्या मयताचे?"

मी नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मीच तो. आज माझा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून पोराने मला मारला वाटतं." मग थोडा विचार करून म्हणाले, "द्या लादी. एवढं झालंच आहे तर सरबत तरी गार असू दे."

दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली: मयताच्या बर्फासाठी डॉक्टरांचा दाखला आवश्यक. यादवने ती सावकाश वाचली. "साहब, एक झूठे के चक्कर में आप सब रोने वालों से सबूत माँगोगे?" पाटी दुपारी काढली. ती लावल्याची नोंद नाही, काढल्याचीही नाही.

त्याच वर्षी जुलैच्या शेवटी शेठनी मला काशीमीऱ्याला, हायवेवरच्या एका हॉटेलात, अर्ध्या दिवसाच्या शिबिराला पाठवलं. ते हॉटेल आमचं गिऱ्हाईक होतं, त्यामुळे प्रवेशिका फुकट आली होती. विषय: उत्तम व्यवस्थापकाचे दहा गुण. वक्ता तरुण होता, कोट घालून होता आणि चांगलं बोलत होता. हॉलची एक बाजू हायवेला लागून होती. तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि या दहांखेरीज चांगल्या मॅनेजरचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे—" त्याच क्षणी बाहेर एका ट्रेलरने हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. हॉर्न थांबला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. तो गुण कोणता, हे मला आजही माहीत नाही.

बाकीचे दहा छापील कागदावर होते. चौथा: कामाची जागा स्वच्छ ठेवा. सातवा: निर्णय ताबडतोब घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हे दोन्ही एकदम अमलात आणणं शक्य आहे, असं मला दिसलं.

कारखान्याच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीलगत, गेले आठ दिवस भंगार साचत होतं. फुटक्या टोपल्या, थर्माकोलचे तुकडे, तेलाचे डबे, एक मोडकं वल्हं, बिनपट्ट्याच्या चपला, एक गमबूट. रोज त्यात भर पडत होती. भंगार सहसा ढिगाने पडतं, हे मात्र एका सरळ रेषेत पडलं होतं. उपसंपादकाला हे खटकायला हवं होतं. खटकलं नाही. यादव गावी गेला होता, उद्या सकाळी यायचा होता. मी नाक्यावरून दोन मजूर आणले आणि सगळं उचलून मागच्या शेडमध्ये लावायला सांगितलं. नुसतं टाकलं नाही, आकारानुसार लावलं: टोपल्या एकीकडे, डबे एकीकडे, पादत्राणं एकीकडे. कागदावरची सूचना पूर्ण झाली म्हणून कागद ऑफिसातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. मजुरांनी उत्साहाच्या भरात ती बादलीही नेली. आवार इतकं स्वच्छ झालं की मी त्याचा फोटो काढून शेठना पाठवला. शेठनी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी बोटी निघायच्या होत्या. सकाळी आठला पहिला माणूस फाटकात आला, भिंतीकडे बघत उभा राहिला आणि परत गेला. साडेआठला तो चाळीस जणांना घेऊन आला.

ते भंगार नव्हतं. ती रांग होती.

पद्धत अशी की बंदी उठायच्या आधी आठ-दहा दिवस प्रत्येक बोटवाला आपली एक वस्तू आणून आवारात ठेवतो. माणसाने उभं राहायची गरज नसते, वस्तू उभी राहते. कोणाची कुठली, हे सगळ्यांना पाठ. रोज सकाळी फिरायला येतात आणि आपल्या मागच्याने आपल्याला ओलांडलं नाही ना, ते बघून जातात. चिठ्ठी नाही, वही नाही, सही नाही. हे कितीतरी वर्षं बिनतक्रार चाललं होतं. मी ते एका सकाळीत आकारानुसार लावलं होतं.

कोठीत तयार असलेला बर्फ त्या दिवशी बारा बोटींना पुरणारा होता. बाकीच्यांना उद्या, परवा. मी वही उघडून एकेकाला त्याचा नंबर विचारला. पहिला नंबर आपला असल्याचं अकरा जणांनी सांगितलं. दुसरा सहा जणांचा होता. बाराव्याच्या पुढचा एकही नव्हता.

हे सगळं चाललेलं असताना एक बाई ऑफिसच्या पायरीवर बसून होत्या. वय साठीच्या आसपास, लुगडं, गळ्यात क्रूस. त्या फिलोमिनाबाय. त्यांचा नवरा आंतोन मागच्या वर्षी वारला, तेव्हापासून बोट वर काढून ठेवली होती. या वर्षी मुलगा रॉकी पहिल्यांदा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणून बोट नेणार होता. मुलगा बापाच्या जागी नवा, त्यामुळे खलाशी कुरकुरत होते. सात खलाशांनी रॉकीला स्पष्ट सांगितलं होतं: आज चारच्या भरतीला बोट सुटली तर तुझ्याबरोबर, नाही सुटली तर आम्ही हरेश्वरच्या बोटीवर. हरेश्वरच्या तीन बोटी होत्या आणि माणसं कमी होती. एकदा खलाशी गेले की त्या हंगामात परत मिळत नाहीत. बोट आणखी एक वर्ष वाळूवर राहिली असती.

हरेश्वर गर्दीच्या पुढेच उभा होता, स्वच्छ शर्टात. "मॅनेजर, टाइम घालवू नका. माजा नंबर पयला हाय. लिवा."

"खोटारड्या," पायरीवरून फिलोमिनाबाय म्हणाल्या, "पयला माजा गमबूट व्हता. मंगलवारी सकाली ठेवला. तवा तू झोपला व्हतास."

"गमबूट कोनाचा पन आसंल, बाय. डाव्या पायाचे गमबूट काय कमी हायत उत्तनला?"

"डावा हाय ते तुला कसं म्हाईत?"

लोक हसले. हरेश्वर हटला नाही. त्याच्याकडे तीन बोटींचं बळ होतं आणि ज्यांचे भाऊ-मेहुणे त्याच्या बोटींवर होते, ते मान हलवायला लागले होते.

एवढ्यात यादव स्टेशनवरून थेट आला, खांद्यावर बॅग. त्याने रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साहब, लाइन किसने उठाई?"

"मी."

"अकेले?" त्याच्या स्वरात जवळजवळ आदर होता.

मी स्टुलावर उभा राहिलो आणि सांगितलं की चूक माझी आहे, मला माहीत नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नाही. याचा परिणाम एवढाच झाला की आवाज अर्धा झाला. शिव्या द्यायच्या माणसाने आधीच कबूल केलं की शिव्यांची लय बिघडते.

अपघाताच्या बातमीत ड्रायव्हरला चूक कोणाची ते विचारत नाहीत, हे वर्तमानपत्रात पहिल्या महिन्यात शिकवतात. ज्याला फायदा-तोटा नाही, त्याला विचारायचं. मी नंबर विचारणं थांबवलं. एकेकाला ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि एकच प्रश्न विचारला: तुमच्या मागे कोण होतं? पुढे कोण होतं, हे विचारलं असतं तर प्रत्येकाने पहिल्या दोघांतलंच नाव घेतलं असतं. मागच्याबद्दल खोटं बोलून कोणाला काही मिळत नव्हतं. शिवाय मागच्यावर तर त्यांचा रोज डोळा होता.

पाऊण तासात एकतीस नावांची साखळी कागदावर तयार झाली. दोनच ठिकाणी अडली. एकाचं त्याच्या मागच्याशी तीन वर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे तो नाव घेईना. त्याने खिडकीतून बोट दाखवलं. दुसरा रांगेतला शेवटचा. शेवटचं असल्याचं कबूल करायला तो तयार नव्हता.

"तुमच्या मागे कोण होतं, काका?"

"व्हता ना."

"कोण?"

त्याने बराच वेळ छताकडे पाहिलं. "कुत्रा बसायचा."

मी तसं लिहून घेतलं.

आता साखळीच्या वरच्या टोकाला दोन नावं उरली, जी बाकीच्यांपैकी कोणीच आपल्या मागे म्हणून सांगितली नव्हती. एक फिलोमिनाबाय, दुसरा हरेश्वर. बाईंनी आपल्या मागे डॉमनिक सांगितला होता, डॉमनिकने त्याच्या मागचा सांगितला होता, तिथून साखळी नीट कुत्र्यापर्यंत जात होती. हरेश्वरने आपल्या मागे फिलोमिनाबाय सांगितल्या होत्या. म्हणजे एकतर तो खरोखर पहिला होता, नाहीतर रांगेत नव्हताच. कागदावरून यापुढे काही कळत नव्हतं.

सगळ्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. फिलोमिनाबाय सरळ पादत्राणांच्या ढिगाकडे गेल्या आणि फाटक्या चपलांच्या तळातून गमबूट ओढून काढला. पदराने पुसला. "आंतोनचा," त्या कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या. "उजवा घरी हाय."

मी हरेश्वरला विचारलं, "तुमची वस्तू कुठली?"

त्याने सगळ्या ढिगांवरून नजर फिरवली. टोपल्यांच्या भोवती टोपल्यांचे मालक उभे होते, डब्यांच्या भोवती डब्यांचे. ज्या वस्तूजवळ कोणीच उभं नव्हतं, अशी त्याने निवडली. निवड हुशारीची होती.

"ती निली बादली. घरची हाय. बायकोला इच्यारा."

यादव पुढे झाला, बादली उचलली, आत पाहिलं. "हरेश्वरभाई, आपकी बीवी हमारे साहब के ऑफिस में कचरा डालती है क्या?"

त्याने बादली उलटी केली. चहाचे कागदी कप, पेन्सिलीचे तुकडे, माझ्या सफरचंदाचा देठ आणि एक चुरगळलेला कागद. डॉमनिकने तो उलगडला आणि मोठ्याने वाचला, "उत्तम व्यवस्थापकाचे दहा गुण."

हसण्याचं वर्णन करत नाही. बंदरावर ऐकू गेलं म्हणतात.

फिलोमिनाबाय हसल्या नाहीत. त्यांनी डॉमनिकला विचारलं, "दहा? त्यात इच्यारनं हाय का रे?"

"काय?"

"उचलायच्या आगूदर इच्यारायचं. ते हाय का लिवलेलं?"

डॉमनिकने प्रामाणिकपणे दहाही गुण खालपर्यंत वाचले. "न्हाय."

"मंग आर्दा कागद कोरा हाय," त्या म्हणाल्या आणि गमबूट काखेत मारून क्रशरकडे निघाल्या.

पहिला टेम्पो एक वाजता सुटला. बर्फ दोनपर्यंत बोटीत होता. सात खलाशी चढले; मी मोजायला बंदरावर गेलो होतो, तिथे माझं काही काम नव्हतं. चारच्या भरतीला रॉकीने बोट काढली. काढताना ती एकदा शेजारच्या बोटीला घासली आणि किनाऱ्यावरून त्याच्या आईने त्याला जे ऐकवलं, ते छापण्यासारखं नाही. हरेश्वरला रांगेत बत्तिसावा नंबर दिला. तो कुत्र्याच्या मागे की पुढे, यावर पाच मिनिटं चर्चा झाली. मागे ठरलं. कुत्रा आधीपासून होता. हरेश्वरने ते मान्य केलं. पुढची तेरा वर्षं तो माझ्याशी नीट बोलला, खोटं पकडणाऱ्याशी माणूस बोलतो त्यापेक्षा बऱ्याच नीट.

एक गोष्ट मला नंतरही खटकत राहिली. तो गमबूट मी स्वतः, हातमोजे घालून, चपलांखाली ठेवला होता आणि या सगळ्या गडबडीत त्याबद्दल बाईंची वेगळी माफी मागायची राहिली. सगळ्यांची एकत्र मागितली, त्यात ती आली असं मी धरलं. अशी धरून चालत नसते.

पुढच्या वर्षी जुलैच्या शेवटी भिंतीलगत पहिली वस्तू दिसली ती माझीच निळी बादली. फिलोमिनाबायनी ऑफिसातून न विचारता नेली होती. गमबूट तिच्या मागे.

"हे काय, फिलोमिनाबाय?"

"पयला नंबर मॅनेजरचा. तुला बर्फ नको. म्हंजे पयल्यावरनं भांडन न्हाय." मग त्या म्हणाल्या, "आनि तूपन रोज येऊन बघशील."

मी रोज जाऊन बघायचो. कोणी आपल्याला ओलांडलं नाही ना, ही काळजी बर्फ नको असलेल्या माणसालाही वाटते, हे तिथे समजलं. ऑफिससाठी दुसरी बादली आणली. निळी तेवढी दर वर्षी भिंतीकडे जात राहिली. तिचा कान तुटला, मग तळाला चीर गेली.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. माझ्या जागी आलेला मुलगा व्यवस्थापनाची पदवी घेतलेला आहे. जाताना मी त्याला किल्ल्या दिल्या, वह्या दिल्या, यंत्राचा आवाज बदलला की काय करायचं ते सांगितलं. रांगेबद्दल सांगायचं डोक्यात होतं, पण फेब्रुवारी होता, भिंत रिकामी होती आणि ते राहून गेलं. चूक शोधायला वेगळा माणूस असण्याची सवय जात नाही.

त्याच वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"सर, एक विचारायचं होतं. आवारात खूप भंगार जमलंय. सगळ्यात पुढे एक फुटकी निळी बादली आहे, तिच्या मागे एक जुना गमबूट. शेठ उद्या येणार आहेत. उचलून टाकू का?"



"तू मला का विचारलंस?" मी म्हटलं.

"असंच, सर. सरळ रेषेत आहे ना, म्हणून वाटलं कोणाची तरी असेल."

मी त्याला सांगितलं की गमबूट कोणाचा ते यादव सांगेल, बादली माझी आहे आणि आता ती त्याची. फोन ठेवल्यावर हिशेब केला. त्याने आठव्या दिवशी विचारलं होतं. मी आठव्या दिवशी उचललं होतं.